किल्लीची परीक्षा

मला फसवणं सोपं नाही. ही बढाई नाही, माझं पोटच त्यावर चालतं! विमा कंपनीत मी दावे तपासतो, त्यातही कंबरदुखीचे. कमरेत उसण भरली, सहा महिने अंथरुणावर आहे, भरपाई द्या, असं म्हणणाऱ्यांतला खरा कोण आणि खोटा कोण, हे मी अर्ध्या मिनिटात सांगतो. पद्धत साधी आहे. दावेदाराच्या दारात बोलता बोलता हातातली किल्ली पाडायची. खऱ्या दुखणेकऱ्याचा आधी चेहरा पडतो, मग तो भिंत शोधतो, मग हळूहळू गुडघ्यांवर बसतो. खोटा माणूस झटकन कमरेत वाकून किल्ली उचलतो आणि वर ‘घ्या साहेब’ म्हणतो. संपला दावा! आमच्या सगळ्या शाखांत आता हीच पद्धत शिकवतात. कर्मचाऱ्यांच्या कंबरदुखीच्या रजासुद्धा दुसऱ्या शाखेकडून गुपचूप तपासाव्यात, हा नियमही माझ्याच सुपीक डोक्यातून निघालेला. तेव्हापासून दुपारी माझ्यासोबत जेवायला कोणी बसत नाही, ती गोष्ट वेगळी.

अशा माणसाच्या घरात त्याची बायकोच काहीतरी लपवू लागली, तर त्याने डोळे मिटून बसायचं का?

बायको दातांच्या दवाखान्यात रुग्णांच्या वेळा सांभाळते. दोन महिन्यांपूर्वी तिने सांगितलं की दुपारच्या सुट्टीत ती जवळच्या योगकेंद्रात जाते. केव्हा जातेस, म्हटलं की म्हणायची, जमेल तेव्हा. काय शिकतेस, म्हटलं की म्हणायची, जमेल ते. दावेदार अशी मोघम उत्तरं देऊ लागला की मी वही काढतो. इथे वही काढता येत नव्हती म्हणून तिची पिशवी उघडली. मॅट कोरडी खडखडीत! घामाचा वास नाही, मातीचा कण नाही. सोबत लोकरीचे मोजे आणि डोळ्यांवर बांधायची काळी पट्टी.

“योगाला पट्टी कशाला?” मी विचारलं.

“लागते,” ती म्हणाली आणि गुणगुणत आत गेली.

गुणगुणत! लग्नाला एकोणीस वर्षं झाली, इतकी टवटवीत मी तिला पाहिली नव्हती, आणि माझ्यामुळे तर नक्कीच नाही. खरं सांगतो, मला भीती वाटली. तिचं सुख माझ्या नकळत कुठेतरी भलतीकडेच चाललं होतं आणि ते कुठे, हे मला कळलंच पाहिजे होतं.

केंद्राच्या खिडकीवरच्या बाईंनी नोंदवही दाखवायला साफ नकार दिला. मात्र पाच वार, पाच प्रकार, पहिला आठवडा मोफत, असा कागद हातात ठेवला. बायको कोणत्या वारी येते ते ठाऊक नाही, म्हणजे पाचही वार बसणं आलं. ऑफिसला कळवलं, कमरेत उसण भरली आहे, आठवडाभर उठवत नाही. एवढ्या बिनचूक लक्षणांसह लिहिलेला अर्ज त्या ऑफिसात कधी आला नसेल. घरून मात्र रोजच्या वेळेला बॅग घेऊन निघायचो.

सोमवारी गरम खोलीतला योग होता. उष्णतेने सांधे मोकळे होतात, असं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. माझे सांधे मोकळे झालेच, पण टोपीखाली दडवलेलं टक्कलही घामाने टोपीबाहेर निसटलं. बायको नव्हती. इथे आली असती तर मॅट कोरडी राहिलीच नसती, ही एक गोष्ट सिद्ध झाली.

मंगळवारी श्वासाच्या तालावर एका आसनातून दुसऱ्यात वाहत जायचं होतं. त्याने दम वाढतो म्हणे. मी वाहत वाहत दोनदा शेजारच्या मॅटवर गेलो. बायको तिथेही नव्हती. पण मागच्या रांगेत एक मिशीवाला होता. सगळे छताकडे बघत असताना तो दाराकडे बघायचा. सोमवारीही हाच कोपऱ्यात घाम पुसत होता, हे मला तेव्हा आठवलं.

बुधवारी पट्टे, लाकडी ठोकळे आणि खुर्च्या घेऊन आसनं करायची होती. अंग अचूक रेषेत येतं आणि इजा होत नाही, हा त्याचा फायदा. पायात पट्टा अडकवून मी छताला सलाम ठोकत असताना शेजारच्या दोन पायांच्या फटीतून बघितलं, तर मिशीवाला हजर! गुरुवारी संथ योग, एकेका आसनात तीन-तीन मिनिटं. खोल गेलेला ताठरपणा सुटतो आणि धीर वाढतो, असं बाई सांगत होत्या. माझा धीर सुटत होता, कारण मिशीवालाही होताच.

आता चित्र स्पष्ट झालं. हा माणूस रोज येतो, रोज कोणालातरी शोधतो. माझ्यासारखाच! आणि आम्ही दोघे शोधत असलेली व्यक्ती एकच असणार. काळी पट्टी, लोकरीचे मोजे, ते गुणगुणणं. त्याची मिशीसुद्धा मला टवटवीत दिसू लागली. या सगळ्या गडबडीत एक बारीकशी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. इतकी वर्षं मी स्टुलावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधत होतो. गुरुवारी ती उभ्या उभ्या वाकून बांधली.

शुक्रवारी योगनिद्रा. मंद प्रकाश, सगळे चादर पांघरून उताणे, डोळ्यांवर काळ्या पट्ट्या. काळ्या पट्ट्या! मी ताडकन उठून बसणार होतो, पण मिशीवाला माझ्यामागेच पडला होता. म्हणून गप्प पडून पाळत ठेवायचं ठरवलं. बाई सांगू लागल्या की उजव्या पायाचा अंगठा सैल सोडा. मी सोडला. मग घोटा, मग गुडघा. कमरेपर्यंत मी जागा होतो, असं मला वाटतं.

मग बरगडीत ओळखीचं कोपर बसलं.

“कुशीवर वळा, घोरताय,” कोणीतरी पुटपुटलं.

मी मुकाट कुशीवर वळलो. एकोणीस वर्षांची सवय! मग डोळे उघडले. शेजारच्या मॅटवर पट्टी कपाळावर सरकवून बायको माझ्याकडे बघत होती. ऑफिसात असायला हवा होता तो नवरा तिच्या शेजारी टोपी घालून झोपला होता.

वर्ग सुटल्यावर जोड्यांच्या कपाटापाशी मी सगळं कबूल केलं, मिशीवाल्यासकट. ती हसली नाही आणि चिडलीही नाही.

“अहो, दर शुक्रवारी मी इथे तासभर नुसती झोपते,” ती म्हणाली. “घरी दुपारी डोळा लागला तर तुम्ही विचारणार, झोप का आली, रात्री का नाही झाली, काही लपवतेस का. इथे कोणी काही विचारत नाही.”

मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं आणि हलकंही वाटलं. दोन महिन्यांचा संशय एका तासात उतरला होता. जग इतकं साधंसरळ आहे आणि आपण उगाच त्याच्या पिशव्या उपसतो, असं वाटू लागलं. पुढच्या शुक्रवारी दोघांनी मिळून यायचं, असं मी तिला म्हणालोही. तेवढ्यात पायाशी खळ्ळकन आवाज झाला. कोणाची तरी किल्ली पडली होती.

माणसाने माणसाला मदत करावी! मी गुडघे जराही न वाकवता, दोन्ही तळवे जमिनीला टेकवत खाली गेलो, किल्ली उचलली आणि प्रेमाने पुढे केली.

“घ्या साहेब,” मी म्हणालो.

मिशीवाल्याने किल्ली घेतली, खिशातून वही काढली आणि मोठ्या आदराने मला नमस्कार केला. तो आमच्याच कंपनीच्या दुसऱ्या शाखेतून आला होता. गेले चार दिवस आसनं करताना मी ज्या तऱ्हेने कण्हत होतो, त्यावरून दुखणं खरं असावं असं तो लिहिणारच होता म्हणे. फक्त एक चाचणी राहिली होती.

“सर, तुमचीच पद्धत,” तो म्हणाला. “कधी चुकत नाही.”

सोमवारपासून मी बिनपगारी घरी आहे. दुपारी मोकळा असतो. बायको शुक्रवारी आता मलाही सोबत नेते, फक्त तिची मॅट दुसऱ्या टोकाला असते. कारण विचारायचं मनात येतं, पण मी विचारत नाही.