मास्तरांनी ट्रकला विंच बसवली

विंच बनवणाऱ्या कंपनीच्या साहेबांनो, गुन्हेगार तुम्ही आहात! हो, तुम्हीच! मास्तरांना कोणी बोल लावू नये. त्यांच्या मेहुण्याला तर मुळीच लावू नये, त्या बिचाऱ्याकडे गुन्हा करण्याइतकी अक्कलच नाही. गुन्हा तुमच्या खोक्याचा! त्यावर बोटभर जाड अक्षरांत तुम्ही छापलंत, 'कोणीही बसवू शकतो!' कोणीही? छापण्याआधी एकदा येऊन मास्तरांना पाहायचं होतं!

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणारे मास्तर. रेक्झिन हातात आलं की या माणसासारखा कारागीर नाही. पण लष्कराने मोडीत काढलेला एक ट्रक त्यांनी लिलावात पाहिला आणि प्रेमात पडले. हत्तीसारखा अवाढव्य, हिरवागार, चाकं छातीपर्यंत! सीट फाटलेली होती म्हणून उचलला, असं ते सांगतात. फाटक्या सीटसाठी ट्रक विकत घेणं म्हणजे तुटक्या बटणासाठी कापडाची गिरणी घेण्यासारखं आहे, पण हे त्यांना सांगणार कोण?

सांगणारी घरातच होती. मास्तरीणबाई!

"अहो, तुमचा हा हत्ती दारात उभा राहिल्यापासून घरात ऊन आलेलं नाही," त्या म्हणाल्या. "वाळत घातलेले कपडे दोन-दोन दिवस ओले! याचा उपयोग काय, तेवढं एकदा सांगा."

"अगं, रुतलेल्या गाड्या बाहेर काढायच्या! पुढे विजेवर चालणारी विंच बसवायची, हे बघ, खोकं आणलंयसुद्धा! दोराला हुक लावला, बटण दाबलं, की डोंगर चालत येईल!"

"डोंगर नको. समोरच्या शेठचा रोलर आणून दाखवा. आज अंधार पडायच्या आत. नाहीतर ट्रक त्याच्याच घशात घालते!"

समोरचा शेठ म्हणजे भंगारशेठ. रस्त्याच्या पलीकडे, मास्तरांच्या अगदी दारासमोर, त्याचं भंगाराचं आवार होतं. ट्रक आला त्या दिवसापासून तो त्याच्याकडे मांजर मासळीकडे बघतं तसा बघत होता. येता-जाता बोनेटवर टिचकी मारायचा, आवाज ऐकायचा आणि उसासा टाकायचा. "काय लोखंड आहे हो, मास्तर!" त्याच्या आवारात मागच्या बाजूला एक जुना रस्ता दाबायचा रोलर चिखलात रुतून बसला होता. शेठला तो हवा होता, पण कोणाच्या बापालाही हलवता येत नव्हता.

शेठ आनंदाने तयार झाला. "मास्तर, रोलर काढलात तर यापुढे आवारातलं ओढायचं सगळं काम तुमचं. नाही काढलात तर ट्रक माझा. वहिनी, शब्द ना?"

"शब्द!" मास्तरीणबाई म्हणाल्या.

झालं! ट्रकचा जीव टांगणीला लागला. मास्तरांनी मेहुण्याला हाक मारली. मेहुणा वायरमन होता. लोकांच्या घरात पंखे बसवायचा. त्याने बसवलेला पंखा फिरायचा, पण सोबत दारावरची घंटाही वाजायची, अशी त्याची ख्याती होती.

"भाऊजी, खोक्यावर काय लिहिलंय पाहिलंत? कोणीही बसवू शकतो! म्हणजे आपल्यासारख्यांना तर डाव्या हाताचा खेळ!"

खरं सांगायचं तर सुरुवात झकास झाली. विंच म्हणजे लोखंडी रिळावर गुंडाळलेला तारेचा दोर आणि शेजारी मोटार. रीळ म्हटल्यावर मास्तरांना घरच्यासारखं वाटलं! बंपरला भोकं पाडताना ड्रिलची पाती कडाकड मोडली. प्रत्येक पात्यागणिक मास्तरांची छाती फुगत गेली. "बघ! बघ लष्कराचं लोखंड! घरचा ट्रक आहे हा, ऐरागैरा नाही!" शेवटी बोल्ट बसले आणि विंच ट्रकच्या तोंडाला अशी शोभून दिसायला लागली की मास्तरांनी मागे सरकून दोन्ही हात जोडले.

मग मेहुण्याने डोकं खाजवलं. "भाऊजी, एक बारीकशी गोष्ट. विंच बारा व्होल्टची आहे. ट्रकच्या बॅटऱ्या मिळून चोवीस देतात."

"म्हणजे कमी पडतंय?"

"छे! दुप्पट आहे!"

"मग रडतोस कशाला? दुप्पट वीज, दुप्पट जोर! माणूस पोटभर जेवला तर काम जास्तच करतो ना?"

मेहुण्याला हे इतकं पटलं की त्याने ताबडतोब वायरी आवळल्या.

इथपर्यंत ठीक होतं. पण मास्तर हाडाचे शिलाईवाले! विंचसोबत आलेलं हातात धरायचं बटण त्यांना आवडेना. "दोन्ही हात मोकळे पाहिजेत. सगळं आयुष्य पायाने मशीन चालवलंय मी. माझा पाय शहाणा आहे, हाताचा भरवसा नाही." म्हणून त्यांनी जुन्या शिलाई मशीनचं पायडल काढलं, मेहुण्याने त्यात ते बटण बसवलं आणि पायडल ट्रकच्या केबिनमध्ये ठोकलं. कुठे? जिथे उजवा पाय आपोआप पडेल तिथे. म्हणजे ब्रेकच्या अगदी पुढ्यात!

"वा!" मास्तर म्हणाले. "आता विंच नाही, शिलाई मशीन आहे ही! दाब की ओढ, सोड की थांब!"

दुपार कलली. रस्त्यावर गर्दी झाली. ट्रक आपल्या दारात, तोंड शेठच्या उघड्या फाटकाकडे. तारेचा दोर रस्ता ओलांडून, फाटकातून आत, थेट रोलरच्या कमरेला. मोटारसायकलवाले थांबले, दूधवाला थांबला, माणसं गॅलऱ्यांतून वाकली. ताणलेला दोर तुटला तर उसळू नये म्हणून त्यावर जाड कापड टाकावं लागतं, एवढं मास्तरांना ठाऊक होतं. त्यांनी त्यावर फुलाफुलांचं सीट कव्हर टाकलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या!

"अरे, चाकाला दगड लाव!" मास्तर केबिनमधून ओरडले.

"लावले, भाऊजी! मागच्या चाकांच्या मागे लावले, चांगले धोंडेच्या धोंडे! ट्रक एक इंचही मागे जाणार नाही!"

"शाब्बास! इंजिन बंद?"

"बंद! उगाच आपण होऊन चालायला नको!"

"गिअर?"

"काढून ठेवलाय. दाते झिजतात!"

"हँडब्रेक?"

"ओढलाय!" हँडब्रेक होता. म्हणजे त्याची दांडी होती. दांडीच्या दुसऱ्या टोकाला काय होतं हे लष्करालाच माहीत.

मास्तरीणबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. शेठ फाटकाशी खुर्ची टाकून बसला होता, जसा काही नवऱ्या मुलाचा बाप! आणि मास्तरांनी उजवा पाय अलगद, टाका घालावा तसा, पायडलवर ठेवला.

घर्रर्रर्र!

दुप्पट जेवलेली ती मोटार काय ओरडली म्हणता! झाडावरचे कावळे उडाले. दोर ताणला गेला, फुलाफुलांचं कव्हर हवेत तरंगलं. सगळे रोलरकडे बघायला लागले. रोलर हलला का? अहो, रोलर चिखलात पाय रोवून बसला होता. त्याच्या अंगावरची माशीसुद्धा उडाली नाही!

"सरकतोय! सरकतोय!" मास्तर आनंदाने किंचाळले. समोर रोलर जवळ जवळ येत होता, स्पष्ट दिसत होतं!

"अहो, रोलर नाही," मास्तरीणबाईंचा आवाज आला, "तुम्ही सरकताय!"

मास्तरांनी बाहेर पाहिलं. घराचं दार मागे चाललं होतं. पायऱ्या मागे चालल्या होत्या. धोंडे तर केव्हाच मागे पडून निवांत ऊन खात बसले होते. ट्रक रस्त्यात आला होता!

"ब्रेक! भाऊजी, ब्रेक मारा!" मेहुणा शेजारून धावत होता.

मास्तरांनी ब्रेक मारला. जीव खाऊन मारला! पण पाय पडला कुठे? जिथे आपोआप पडायचा तिथेच! पायडलवर! घर्रर्रर्र! ट्रक दुप्पट वेगाने पुढे!

"ब्रेक लागत नाही रे!"

"जोरात मारा!"

"जोरातच मारतोय!"

जितका जोर तितकी ओढ, जितकी ओढ तितकी भीती, आणि घाबरलेला पाय कधी वर येत नाही, तो खालीच रुततो! दूधवाला सायकल टाकून पळाला. शेठ खुर्चीतून उठला, पण खुर्ची काही उठली नाही. ट्रकने तिचा पापड केला. फाटकावरची शेठच्या नावाची पाटी केबिनच्या टपाला अडकली आणि ट्रकबरोबर आत गेली.

"पाय काढा! अहो, पाय काढा आधी!" रस्त्याच्या अलीकडून मास्तरीणबाई ओरडत होत्या. मास्तरांनी ऐकलंसुद्धा. पण कुठला पाय, हे त्यांना कळलं नाही. त्यांनी डावा काढला!

शेवटी ढप्प असा आवाज झाला. विंचमधून काळा धूर निघाला, वास सुटला, मोटार बसली. रीळ जागच्या जागी चिकटलं. ट्रक थांबला.



मग शेठच्या खोलीवर लावलेला मोठा आकड्यांचा फलक लाल लाल उजळला. गर्दी आधी आकड्याकडे बघायला लागली, मग ट्रकच्या चाकांकडे, मग शेठकडे. ट्रक फाटकाच्या आत जमिनीत बसवलेल्या शेठच्या वजनकाट्यावर उभा होता! चारही बाजूंनी नीट, मापात, जसा काही कोणी फुटपट्टी लावून ठेवलाय!

इतकी वर्षं शेठ धंदा करतोय. भंगार हातगाडीवरून आलं, टेम्पोतून आलं, कोणाच्या डोक्यावरून आलं. पण स्वतः ओढत ओढत येऊन काट्यावर चढलेलं भंगार त्याने आजवर पाहिलं नव्हतं! त्याचे डोळे पाणावले.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "रोलर तर हलला नाही. वजनही आपोआपच झालं."

मास्तर केबिनमधून उतरले. "शेठ, एकदा संधी द्या. मोटार नवी टाकतो. माझा ट्रक कापू नका हो!"

मास्तरीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, धुराकडे पाहिलं, आपल्या अंगणात किती तरी दिवसांनी पडलेल्या उन्हाकडे पाहिलं. मग पदर खोचला. "शब्द म्हणजे शब्द. घ्या, शेठ. कापा!"

मास्तरांनी ट्रकच्या चाकाला मिठी मारली. शेठने आनंदाने हाक मारली, "गॅस-कटर आणा रे!" आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःच ओरडला, "थांबा! थांबा! काट्यावर कापताय होय? काट्याचा पत्रा वितळला तर धंदा बसेल माझा! वहिनी, आधी तेवढी गाडी खाली उतरवून द्या. मग घेतो."

"उतरवता आली असती," मास्तरीणबाई म्हणाल्या, "तर तुम्हाला दिली कशाला असती?"

मग धक्का मारणं सुरू झालं. वीस माणसं लागली. ट्रक मागे जाईना, कारण तो दोराने रोलरला बांधलेला, खुंट्याला रेडा बांधावा तसा! पुढे जाईना, कारण पुढच्या दोन्ही चाकांपुढे भंगाराचे ढीग. इंजिन चालू करावं तर विंचने बॅटऱ्या थेंबापर्यंत पिऊन टाकलेल्या. दोर कापावा तर ताणलेला दोर ज्याच्या अंगावर येईल त्याचं काही खरं नव्हतं.

"तू काप," शेठ मेहुण्याला म्हणाला.

"मी घरगुती कामं करतो," मेहुणा म्हणाला आणि निघून गेला.

तर साहेबांनो, ट्रक वाचला. वाचला म्हणजे कापला गेला नाही, इतकंच. तो काट्यावर आहे. मोठ्या गाड्या आता शेठच्या दारावरून परत जातात. पोत्यात भंगार आणणारे लोक ट्रकच्या पाठीवर पोती टाकतात आणि शेठ ट्रकचं वजन वजा करून पैसे सांगतो. सांगताना रोज एक शिवी हासडतो. मास्तर केबिनमध्ये बसून सीट शिवतात. सुंदर शिवतात! मास्तरीणबाई अंगणात कपडे वाळत घालतात आणि कोणी विचारलंच तर सांगतात, "आमचे हे? पलीकडे कामावर जातात."

आता मुद्द्याचं बोला. तुमच्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापलंय, 'ही विंच कुठेही अडकलेलं कसलंही वाहन बाहेर काढते.' ठीक. मानलं. मग ज्या वाहनाला विंच लावलीय तेच अडकलं, आणि विंचमुळेच अडकलं, तर त्याला बाहेर काढायचं कोणी? मी, मास्तरांच्या शेजाऱ्याने, पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. शेठने वाचली. मेहुण्याने तर उलटी धरूनही वाचली. कुठेच नाही! शेठ रोज विचारतो, मास्तर रोज विचारतात, दारावरून परत जाणारा प्रत्येक गाडीवाला हॉर्न वाजवून विचारतो. तोंडात गुळणी धरून बसू नका. उत्तर द्या!