शेवटी सगळे जेवायला बसतात

आमच्या कारखान्यात नव्या सिनेमाबद्दल किंवा नव्या गाण्याबद्दल कोणाला काही विचारायचं असलं की माणसं सरळ माझ्याकडे येतात. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाहीये. बरं, फुशारकी म्हणूनच सांगतोय, पण ती खरी आहे. म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत होती.

कारखाना चष्म्यांचा. मी काचा तपासायला बसतो. कागदावर जो नंबर लिहिलाय तोच काचेत आलाय का, हे एका छोट्या यंत्राला डोळा लावून बघायचं. दिवसाला दोनशे काचा, आठ तास. जगाला स्वच्छ दिसावं म्हणून माझे डोळे राबतात, आणि त्याचा परिणाम असा की संध्याकाळ झाली, अंधार झाला, समोर काहीतरी हलायला लागलं की ते आपोआप मिटतात. सिनेमाच्या थिएटरात तर या तिन्ही गोष्टींची सोय असते. शिवाय खुर्ची मागे झुकते.

तर मी सिनेमात झोपतो. पाटी येते, पहिलं गाणं सुरू होतं आणि मी संपतो.

मग मी जाणकार कसा? सांगतो. आमच्या जेवणाच्या खोलीत एक फळा आहे. त्यावर दर सोमवारी मी एक कागद लावतो, ‘या आठवड्याचं आवडतं’. एक सिनेमा, एक गाणं, आणि चार ओळी. कल्पना माझी, अक्षर माझं, खाली सही माझी. गाण्याची माहिती मला मुलीकडून मिळते. ती कॉलेजात आहे आणि भांडी घासताना मोबाइलवर गाणी लावते, पण एकही गाणं पुरतं वाजू देत नाही. अर्ध्या मिनिटात पुढचं. त्यामुळे यंदाच्या प्रत्येक गाण्याची पहिली तीस सेकंदं मला तोंडपाठ आहेत. आणि सिनेमाचं म्हणाल तर तो मी दर रविवारी दुपारी बायकोबरोबर बघतो, आणि सोमवारी सकाळी चहा पिताना तिला विचारतो, “मग पुढे काय झालं गं?”

ती सांगते. दुधावर लक्ष ठेवत, डबे भरत, ती मला अख्खा सिनेमा सांगते. मी तो बसमध्ये मनात जुळवतो आणि दहा वाजता फळ्यावर लावतो. अकरा आठवडे हे बिनबोभाट चाललं. सगळे मला ‘समीक्षक’ म्हणायला लागले. मीही त्या नावाला ओ द्यायला लागलो.

आता मागे वळून बघतो तेव्हा वाटतं, मला शंका यायला हवी होती. बायकोने सांगितलेल्या प्रत्येक सिनेमात शेवटी सगळे घरी परत यायचे आणि जेवायला बसायचे. दरोड्याच्या सिनेमात दरोडेखोर आणि फौजदार एकाच टेबलाशी जेवले. पाणबुडीच्या सिनेमात पाणबुडी वर आली, खलाशी घरी गेले, जेवले. पॉलिशच्या यंत्रावरच्या बाई एकदा म्हणाल्या होत्या, “अहो समीक्षक, मी तो पाणबुडीचा पाहिला. त्यात कोणी जेवताना दिसलं नाही मला.” मी चष्मा पुसत म्हणालो, “शेवट नुसता बघायचा नसतो बाई, समजून घ्यायचा असतो.” बाई पुन्हा यंत्राकडे वळल्या. मला तेव्हा त्याचा फार अभिमान वाटला होता.

आता फ्रेमवाल्या काकांकडे येतो. काका फ्रेमचं भांडार सांभाळतात. हजारो फ्रेमा, आणि कुठली कुठल्या खणात आहे ते वहीत न बघता सांगतात. मोजकं बोलणारा माणूस. काका-काकू दर शनिवारी दुपारी सिनेमाला जायचे. तीस वर्षं. आठ महिन्यांपूर्वी काकू गेल्या. दवाखान्यात तीन आठवडे होत्या. त्यानंतर काका थिएटरच्या रस्त्यानेसुद्धा जाईनासे झाले. शनिवारी अर्धा दिवस सुटी असते, पण ते भांडारातच बसून राहायचे आणि लावलेल्या फ्रेमा पुन्हा लावायचे. ते बघून जीव तुटायचा.

गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“समीक्षक, तो नावेचा सिनेमा लिहिलाय तुम्ही कागदावर.”

“हो काका. फार सुंदर.” म्हातारे नवरा-बायको नदीवर नाव चालवतात, एवढं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. नाव काठावरून सुटली तसा मीही सुटलो होतो.

“जावं म्हणतोय शनिवारी. एकच विचारायचं होतं.” त्यांनी माझ्यासमोरची एक काच उचलली, पुसली, परत ठेवली. “त्यात कोणाचं आजारपण नाही ना? दवाखाना वगैरे? तेवढं सोडून काहीही चालेल मला.”

इथे मी म्हणायला हवं होतं की काका, मी झोपलो होतो. चार शब्द. पण शेजारच्या टेबलावरची दोघं ऐकत होती आणि मी समीक्षक होतो. मी म्हणालो, “अजिबात नाही. नाव बिघडते, दुरुस्त होते, दोघं घरी येतात आणि शेवटी सगळे जेवायला बसतात. माझी हमी.”

काका मान हलवून गेले. आठ महिन्यांनी माणूस बाहेर पडतोय, तोही माझ्या शब्दावर. मी त्या दिवशी दोन चहा जास्त प्यायलो.

शनिवारी दोन वाजता आवराआवर चालली होती. पॉलिशवाल्या बाई डबा धूत होत्या. त्यांचे डोळे सुजलेले.

“काय झालं हो?” मी विचारलं.

“काल तुमचा तो नावेचा पाहिला. काय तो दवाखाना! अर्धा तास म्हातारी खाटेवर, आणि म्हातारा बाहेर बाकावर. जाते हो बिचारी शेवटी. दोन रुमाल भिजवले मी.”

“आणि जेवण?”

“कसलं जेवण? म्हातारा एकटाच नाव घेऊन जातो.” बाईंनी डबा पुसला. “काका गेले ना आजच? छान नवा शर्ट घालून आले होते. तीनचा खेळ आहे त्यांचा.”

मी कोपऱ्यात जाऊन बायकोला फोन लावला. “अगं, नावेच्या सिनेमात म्हातारी मरते?”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“अगं, बोल ना.”

“मला काय माहीत,” ती म्हणाली. “मी झोपले होते.”

“या सिनेमात?”

“सगळ्या सिनेमांत. तुम्ही झोपता ना, ते बघून मलाही झोप येते. सोमवारी तुम्ही इतक्या आशेने विचारता की नाही म्हणवत नाही. डबे भरता भरता काहीतरी सांगते.” मग जरा दुखावून म्हणाली, “आवडायचं की तुम्हाला.”

तिला बोलायला मला तोंड नव्हतं. काय झालंय ते सांगितल्यावर तीच म्हणाली, “त्या माणसाला तिथे एकटं बसू द्यायचं नाही. तुम्ही निघा, मी येते.”

काकांचा फोन लागेना, बस रस्त्यात बंद पडली, आणि आम्ही दोघं थिएटरात पोचलो तेव्हा मध्यंतर नुकतं संपलं होतं. काका मधल्या रांगेत होते. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी, आणि तिच्यावर एक तिकीट नीट ठेवलेलं. सवयीने दोन काढली होती त्यांनी. ते बघून बायकोने माझा दंड इतक्या जोरात धरला की अजून दुखतोय.

बेत असा होता. मी त्या रिकाम्या खुर्चीत बसायचं. बायको बरोबर मागच्या रांगेत. पडद्यावर दवाखाना दिसला रे दिसला की मी म्हणायचं, “काका, मला गरगरतंय, जरा बाहेर नेता का?” आणि त्यांना बाहेर काढायचं. एकच अडचण होती. दवाखाना कधी येतो ते आम्हा दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून डोळे उघडे ठेवणं भाग होतं, आणि माझे मिटायला लागले तर बायकोने मागून छत्रीने टोचायचं.

“अरे, समीक्षक?” काका दचकले. “तुम्ही पुन्हा बघताय?”

“चांगला सिनेमा दोनदा बघावा, काका,” मी म्हणालो आणि तिकीट उचलून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते खिशात ठेवलं.

मी डोळे ताणून बसलो. पडद्यावर नदी होती. नाव होती. नाव हळूहळू डुलत होती. वल्ह्याचा आवाज, पाण्याचा आवाज. ज्याने हा सिनेमा काढला त्याला माझ्याबद्दल काही कळवळा असता तर त्याने मोटारींचा पाठलाग घेतला असता. मी स्वतःला चिमटा काढला. खुर्ची मागे झुकली. मी ती सरळ केली. ती परत झुकली.

पुढचं आठवतं ते एकदम दिवे लागलेले. माझं डोकं काकांच्या खांद्यावर. त्यांच्या नव्या शर्टावर माझ्या लाळेचा डाग. मागे वळून बघितलं तर बायको छत्री पोटाशी धरून गाढ झोपलेली. एकाच सिनेमात दोनदा झोपणारी आमच्याइतकी माणसं थोडी असतील.

काकांचे डोळे लाल होते.

“काका,” मी म्हणालो, “मी तुमच्याशी खोटं बोललो. मी हा सिनेमा बघितलाच नव्हता. मी कुठलाच सिनेमा बघितलेला नाही.”

“माहीत आहे,” काका म्हणाले.

“म्हणजे?”

“पाणबुडीचा मी मुलाकडे टीव्हीवर पाहिला. ती पाणबुडी वर येतच नाही, समीक्षक.”

“मग मला विचारलंत कशाला?”

त्यांनी खिशातलं ते दुसरं तिकीट काढलं. “कोणीतरी जा म्हणायला हवं होतं. घरातले सगळे नको म्हणत होते, त्रास होईल म्हणून. तुम्ही हमी दिलीत.” मग त्यांनी खांदा चोळला. “झाला त्रास. दवाखाना आला तेव्हा उठणारच होतो मी. पण तुम्ही माझ्या खांद्यावर घोरत होतात, उठणार कसा? आमची ही पण अशीच झोपायची. तीस वर्षं. पहिल्या गाण्याला मान टाकायची, आणि घरी जाताना विचारायची, मग पुढे काय झालं? आठ महिन्यांत मला कोणी विचारलं नव्हतं.”

मी रुमाल काढून त्यांच्या शर्टावरचा डाग पुसायला लागलो. डोळे भरून आले. मागून बायकोचा आवाज आला. ती जागी झाली होती, आणि केस सारखे करत अगदी सहज म्हणाली, “मग पुढे काय झालं हो काका?”

काकांनी घरापर्यंतच्या रस्त्यात सांगितलं. खरा सिनेमा, पहिल्यापासून, एकही गोष्ट न गाळता. दवाखान्यापाशी थांबले, नाक पुसलं आणि पुढे सांगितलं. आमचं दार आलं तेव्हा म्हातारा एकटा नाव घेऊन निघाला होता. मग काका बायकोकडे वळले.

“आणि वहिनी, तुमच्या सिनेमात काय होतं?”

बायको कुलूप काढत म्हणाली, “काय होणार? सगळे जेवायला बसतात. या आत.”

मुलीने एक ताट वाढवलं. काका पोटभर जेवले. जेवताना मुलीने त्या सिनेमात नव्याने घेतलेलं एक जुनं गाणं लावलं आणि सवयीने पुढचं लावायला बोट नेलं, तर काका म्हणाले, “राहू दे गं, याचं दुसरं कडवं चांगलं आहे.” मोबाइल बंद करून ते स्वतःच गायला लागले. अख्खं गायले म्हणे, सगळी कडवी. बायको रडली, मुलगीही रडली. फळ्यावर लिहायला म्हणून हे सगळं मी मुलीला विचारून घेतलं. मी स्वतः पहिली तीस सेकंदं जागा होतो.