नेमबाजाच्या कोटातल्या तीन भाकऱ्या

ज्वारीची भाकरी गार वाऱ्यात ताठ होते.

सोलापूरचा माणूस मे महिन्यात चव्वेचाळीस अंशांत उभ्यानं गरम चहा पितो आणि डिसेंबरात कानटोपीतून नुसते डोळे बाहेर ठेवतो.

सत्काराला टॉवेल कमी पडला, असं या गावात कधी घडलेलं नाही.

कुत्र्याला नियम वाचता येत नाहीत.

"अहो, हात बघू," महानंदा म्हणाली.

प्रभुलिंगअण्णांनी हात पुढे केले. बोटं भेंडीसारखी गार आणि तेवढीच ताठ.

"असल्या बोटांनी नेम धरणार? गेल्या साली हेच झालं की ओ. बोट वळेस्तोवर टाईम संपला, आन् तुमी शेवटचे."

ते खरंच होतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका बंद कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत दर रविवारी सकाळी आठ-दहा पिकले गडी छऱ्याच्या रायफली घेऊन जमत. खालचा दांडा खेचायचा, छरा भरायचा, चाप ओढायचा. मंडळाचा वर्षातून एकदा सामना होई, आणि मंडळाला एक नियम होता : लागोपाठ दोनदा शेवटचा येईल त्याचं नाव कमी.

टॉवेलच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून आठवड्याचे सहा दिवस प्रभुलिंगअण्णांची कुणी वाट बघत नव्हतं. रविवारी मात्र जरा उशीर झाला तरी मंडळाचा चिटणीस गुरुबसप्पा चारचौघांत शिव्या घाली. त्या शिव्या गमवायला अण्णा तयार नव्हते.

"हातमोजे घाला की."

"मोजे घातले की चाप कळत न्हाय गं."

महानंदाने तव्यावरच्या भाकरीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या कोटाकडे. तीन भाकऱ्या फडक्यांत गुंडाळल्या गेल्या. दोन बाजूच्या दोन खिशांत, एक आतल्या खिशात, छातीला.

"नंबर येईपर्यंत हात खिशातच ठेवायचे. चालती शेकोटी हाय म्हना."

अण्णांच्या बोटांत जीव आला. डोळ्यांतही थोडं पाणी आलं.

"एवढं कोण करतंय गं माझ्यासाठी?"

"कुनीच न्हाय. म्हणून तर मी करते. चला, मीबी येते बघायला."

सगळं बेतानं चाललं होतं. आडवा आला तो सत्कार.

पंच म्हणून टेंभुर्णीहून खेळाचे शिक्षक कुंडलिक सर मोटरसायकलवर आले होते. मिशीवर दव, पोटात काही नाही. त्यांना टॉवेल, टोपी, नारळ झालं. मग जागा देणाऱ्याचा सत्कार. मग निशाणाचे पुठ्ठे रंगवणाऱ्याचा. मग खुर्च्यावाल्याचा. गुरुबसप्पाचा स्वतःचाच टॉवेलचा कारखाना, त्यामुळे थांबायला कारण नव्हतं. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं की खुद्द गुरुबसप्पाचा राहिलाच. तो "नको, नको" म्हणत सगळ्यात पुढे येऊन उभा राहिला.

प्रत्येक सत्काराला टाळ्या. प्रत्येक टाळीला खिशातून हात बाहेर. प्रत्येक वेळी थोडी ऊब निसटे आणि थोडा वारा आत शिरे. अण्णांची बोटं कशीबशी ऊब धरून होती. भाकऱ्यांनी मात्र भाषणं चालू असतानाच जीव सोडला.

शिट्टी झाली, प्रत्येकी दहा छरे. सगळे चादरींवर पोटावर आडवे झाले.

कट्ट.

"काय मोडलं रं?" शेजारून गुरुबसप्पा. "बरगडी का काय?"

"बटण," अण्णा म्हणाले.

"तुझ्या बटणाचाबी सत्कार करू. मार आता."

अण्णांनी दांडा खेचला. लोखंड बर्फासारखं, पण बोट वळलं! पहिला छरा काळ्या वर्तुळात. दुसराही. दर छऱ्याला अण्णा मनातल्या मनात महानंदाला हात जोडत होते. नऊ छरे झाले. एवढी चांगली नेमबाजी त्यांनी जन्मात केली नव्हती.

दहाव्याला त्यांनी श्वास रोखला, एक डोळा मिटला, आणि त्यांच्या उजव्या खिशात एक ओलं नाक शिरलं.

कारखान्याच्या आवारातलं ते तांबडं कुत्रं. त्याने फडकं दातांत धरलं आणि ओढलं. अण्णांचा कोट गेला, कोटाबरोबर खांदा गेला, खांद्याबरोबर छरा गेला.

पुठ्ठे मोजायला आणले. अण्णांच्या पुठ्ठ्याला नऊ भोकं. गुरुबसप्पाच्या पुठ्ठ्याला अकरा.

"कोट बघू तुमचा," कुंडलिक सर म्हणाले. मघाचं कट्ट त्यांच्याही कानावर गेलं होतं. नेमबाजाच्या अंगावर आधाराला ताठ काही असू नये, हे तर पोराटोरांना ठाऊक. सरांनी आतल्या खिशात हात घातला. बाहेर आली ती भाकरी, मधोमध मोडलेली.

"हे काय?"

"भाकरी, सर."

सरांनी तुकडा वाकवून पाहिला. कट्ट.

"ताठ आहे."

"सकाळी मऊ होती ओ."

"नियमात सकाळचं काही लिहिलेलं नाही."

गुरुबसप्पाला चेव आला. "माझी हरकत हाय, सर! लिहून घ्या. गडी चिलखत घालून आलाय!"

आता महानंदाला राहवेना. ती खुर्च्या ओलांडून थेट मैदानात आली.

"कसलं चिलखत? ज्वारी हाय ती. चिलखत वाटतं तर खाऊन बघा की!" आणि तिने पिशवीतून शेंगाचटणीचा डबा काढून सरांपुढे धरला.

सरांनी केवळ तपासणीसाठी एक तुकडा चटणीला लावला. तपासणी एका तुकड्यात होण्यासारखी नव्हती. मग दुसऱ्या खिशातली भाकरी तपासली. थंडीत कुडकुडणारे बाकीचेही तपासणीला सरसावले. गुरुबसप्पा तेवढा जरा वेळ दूर उभा होता; चटणी संपत आलीय म्हटल्यावर तोही आला.

तोंड पुसत सरांनी विचारलं, "हां, तर हरकत कशावर आहे?"

गुरुबसप्पाच्या तोंडात मोठा घास होता. त्याने बोटानेच दाखवलं.

"दिसत नाही मला काही," सर म्हणाले. "पुरावा नाही. हरकत फेटाळली."

अण्णांनी महानंदाकडे पाहिलं. तिने पदर सावरला, जणू वकिली रोजचीच.

पण अकरा भोकं उरली होती. त्यांतलं अण्णांचं कोणतं, हे छऱ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. सरांनी निकाल दिला : गुरुबसप्पाला त्यातली सर्वांत चांगली दहा धरायची, यात त्याचा काही दोष नाही. काठावरचं एक भोक गळालं आणि गुरुबसप्पा पहिला आला. अण्णांचे नऊच छरे मोजले. पाचव्या चादरीवरच्या कल्लप्पाच्या मागे, एका गुणाने, ते शेवटचे.

"यप्पा!" गुरुबसप्पा ओरडला. "प्रभू, तू मारलास म्हणून मी जिंकलो की!"

अण्णा हसले. त्यांना राग येतच नव्हता. बोटं अजून वळत होती. बायको भर मैदानात त्यांच्या बाजूने भांडली होती. एवढ्या माणसांनी त्यांच्या घरची भाकरी खाऊन बोटं चाटली होती. पलीकडे ते तांबडं कुत्रं तिसरी भाकरी पुढच्या पायांत धरून बसलं होतं. तेही शेपूट हलवत होतं.

त्यांनी रायफल पुसून पिशवीत घातली आणि सगळ्यांना हात जोडले.

"येतो मग. लई चांगले रविवार दिलेत तुमी मला. मी काय..."

"ए, साकू, बास आता भाषण!" गुरुबसप्पा गळ्यातला टॉवेल सावरत म्हणाला. "सकाळपासनं तेच ऐकतोय. पुढच्या रविवारी भाकऱ्या जास्त आण. आन् उशीर केलास तर बघ, गेटातनं आत घेणार न्हाय."

"अरे, पन मी शेवटचा..."

"वैनी, ह्याला कमी ऐकू येतं का हो?"

"घरात तर येतंच न्हाय," महानंदा म्हणाली आणि रिकामा डबा बंद केला.

लागोपाठ दोनदा शेवटचा येणाऱ्याचं नाव कमी करायचा नियम मंडळाने गेल्या महिन्यातच रद्द केला होता. त्या बैठकीला प्रभुलिंगअण्णा नव्हते, आणि ठराव गुरुबसप्पाने मांडला होता.