गुलाबभाऊंची बांगडी

बांबूच्या टालावर, म्हणजे वखारीत, येणारा माणूस बांबू डोळ्यांनी पारखतो, फार तर हाताने. आमचे शेजारी गुलाबभाऊ खिशातून हिरवी काचेची बांगडी काढत आणि ती बुंध्यावर चढवून पाहत. टालवाला पुढे पुढे हसेनासा झाला. "बसली का गा बांगडी?" एवढेच विचारे.

गुलाबभाऊ कन्हान नदीत मासेमारी करतात. त्यांच्या लहानशा डोंग्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे दोन लांब बांबू बाहेर काढलेले असतात. प्रत्येकाच्या टोकाला दोरी, दोरीला गळ आणि वर एक घुंगरू. डोंगा संथ चालत राहतो, गळ मागून ओढले जातात. मासा लागला की घुंगरू वाजते.

उजव्या बांबूची निवड हा सोहळाच. ते बांबूला ठोकतात, कान लावतात आणि निकाल देतात, "हा खोटा हाय. आतून घाबरून राहिला." दुसऱ्याच्या टोकाला पाण्याने भरलेला गडवा टांगून चहाला जातात. परतल्यावर गडवा काढताच बांबू सरळ झाला, तर पास. "मानूस बी असाच पाह्यजे, मास्तर. वाकला तं चालते, वाकडा राह्यला नाही पाह्यजे."

डाव्या बांबूला मात्र यातली एकही परीक्षा नसे. बांगडीत बसला की घेतला.

गुलाबभाऊ डाव्या कानाने बहिरे आहेत. कौतुक ऐकताना उजवा कान पुढे करतात, बोलणी खाताना डावा. साहजिकच डावीकडचे घुंगरू त्यांना ऐकू येत नाही. मासा लागे, दमे, सुटून जाई. घाटावरचे लोक विचारत, "डावी काठी काहून बांधता गा? माशायले झोका द्याले?"

"एका काठीचा डोंगा लंगडा दिसते," हे ठरलेले उत्तर.

मी गणिताचा शिक्षक. चूक दिसली की माझे हात शिवशिवतात. हा दुर्गुण आहे, हे मला फार उशिरा कळले. गेल्या हिवाळ्यात गुलाबभाऊ दोन दिवस मुलीकडे मौद्याला गेले असताना मी त्यांचा डोंगा न्याहाळला. उजवा बांबू उंच, नायलॉनने घट्ट बांधलेला. डावा हातभर खाली, लुगड्याच्या विटक्या काठाच्या एका जुनाट गाठीत अडकवलेला. मी ती गाठ ब्लेडने कापली, चिंधी नदीत टाकली आणि दोन्ही बांबू एका उंचीवर, एका कोनात बांधले. घरी जाताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

परतल्यावर गुलाबभाऊंनी डाव्या बांबूची नवी दोरी बोटांनी चाचपली.

"गाठ कोनं सोडली?"

"मीच. कुजली होती, भाऊ."

"सोडली का कापली?"

"कापली."

ते डोंग्याच्या काठावर बसले. "सुमननं बांधली होती. तिच्या हातची शेवटची. बांबू बदलले, गाठ नाही सोडली. बांगडीबी तिचीच. बरोबर गाठीच्या मापाची."

सुमनवहिनींना जाऊन तीन वर्षे झाली होती. त्या डोंग्यात डावीकडे बसत. बसल्या बसल्या हात पोचावा म्हणून बांबू खाली असे. घुंगरू वाजले की नवऱ्याच्या पाठीत बोट खुपसत. हे सारे मी घाटावरून शेकडो वेळा पाहिले होते. कोन मोजताना मात्र आठवले नाही.

मी माफी मागितली. त्यांनी कोणता कान पुढे केला होता, हे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.

महिन्याभरात डावा बांबू चिरला. मी त्यांच्याबरोबर टालावर गेलो. त्यांनी बांगडी काढली, बुंध्यापर्यंत नेली आणि पुन्हा खिशात ठेवली.

"आता कोनताबी चालते," ते टालवाल्याला म्हणाले.

घाटावर मी नायलॉनची दोरी पुढे केली. त्यांनी नवा बांबू हातभर खालीच बांधला आणि सरकून जागा केली. "बसा डावीकडं. तिकडचं मले ऐकू येत नाही."

दुपार कलली तेव्हा माझ्या बाजूचे घुंगरू वाजले. मी त्यांच्या पाठीला हळूच बोट लावले.

"ओरडून सांगा ना, मास्तर," मागे न पाहता ते म्हणाले. "ती बोट खुपसून ओरडे बी."