मशीनगनवरचा अबोला

जड मशीनगनची नळी बदलायची होती आणि ती बदलणाऱ्या दोघांत बोलणं बंद होतं. गनचे प्रमुख होते भावोजी आणि त्यांच्या हाताखाली होता त्यांचा सख्खा मेहुणा. मेहुण्याला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर भावोजींनी त्याच्या घोरण्याची हुबेहूब नक्कल केली होती. पाहुणे पोट धरून हसले, आणि गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. तेव्हापासून हा अबोला.

घरात अबोला चालतो, गनवर चालत नाही. गोळीबारापूर्वी दुसऱ्याने आत बघून मोठ्याने सांगायचं, असा नियम. मेहुण्याने नुसती मान हलवली.

"तोंडाने सांग," सरावावर देखरेख करणारे साहेब म्हणाले.

"साहेब, यांना सांगा, आत काडतूस नाही."

"त्याला विचारा, नीट बघितलं का," भावोजी क्षितिजाकडे बघत म्हणाले.

"बोट घालून बघितलं म्हणावं."

"बोट घालून बघितलं म्हणतोय," साहेब म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण साहेब आहोत. ते लालबुंद झाले. तेवढ्यात दूरच्या पहाऱ्यावरून फोन आला आणि ते पाठ वळवून बोलू लागले.

इकडे भावोजींनी नवी नळी फिरवून बसवली. आता नळी आणि काडतूस मागून दाबून धरणारा बोल्ट यांच्यातली फट तपासायची. मोजपट्टीची बारीक बाजू आत जायला हवी, जाड बाजू जाता कामा नये. फट जास्त राहिली तर काडतूस गनमध्येच फुटणार, तेही भावोजींच्या तोंडापाशी. मेहुण्याने पट्टी लावली. जाड बाजू सुळकन आत गेली.

"साहेब, यांना सांगा..."

साहेबांनी फोन न सोडता 'थांब' म्हणून हात वर केला. भावोजींना वाटलं, हिरवा कंदील मिळाला. मेहुण्याने मोजपट्टी काढली तशी त्यांनी काडतुसांची माळ चढवली आणि हँडलला हात घातला.

मेहुण्याने झडप घालून त्यांचं मनगट धरलं. "भावोजी, थांबा! डोकं फिरलंय का तुमचं? जाड बाजू आत जातेय! ताईला काय सांगू मी?"

साहेबांचा फोन अर्ध्यातच राहिला. भावोजींनी माळ उतरवली आणि पुन्हा नळी बसवली. या वेळी जाड बाजू बाहेरच अडली. मेहुण्याने खणखणीत आवाजात तसं सांगितलं, थेट त्यांच्या तोंडावर. गोळीबार व्यवस्थित पार पडला.

नंतर भावोजी वाळूच्या पोत्यावर जाऊन बसले. मेहुण्याने पाण्याची बाटली उघडून दिली.

"हे घरी बोलू नकोस," भावोजी हळूच म्हणाले.

"बोलणार."

"अरे, घाबरेल ती."

"रोज विचारते, भावोजींशी बोललास का म्हणून. आज इतक्या दिवसांनी बोललोय, तर काय बोललो ते नको सांगायला?"

भावोजींनी एक घोट घेतला. "सांग. पण डोकं फिरल्याचं तेवढं गाळ."

"तेच तर तिला पटेल, भावोजी."