विमलबाई म्हणाल्या, उठा

विमलबाईंना उभं माणूस बघवत नसे. भेस्तानच्या आमच्या साडीच्या कारखान्यात दुसऱ्या मजल्यावर आम्ही वीसपंचवीस बाया दोरे कापायला, खडे चिकटवायला बसायचो आणि विमलबाई आमच्यावर देखरेख करायच्या. पाणी प्यायला उठलं तरी विचारायच्या, "किती घोट?" काहीही सांगायला गेलं की ठरलेलं उत्तर, "आधी खाली बस, मग बोल." एकीला सासू वारल्याचा फोन आला, तर तिलाही त्यांनी आधी बसवलं, मग पाणी दिलं, मग रडू दिलं. एकदा सेठ तावातावाने वर आले. त्यांनाही "पहले बैठो" म्हणून खोक्यावर बसवलं. बसल्यावर सेठ कशासाठी आले होते तेच विसरले.

मी जालन्याची, त्या परभणीकडच्या. परराज्यात गाववाली म्हणून माझी जागा त्यांच्या शेजारी, म्हणजे सगळ्यात जास्त बोलणी मला.

त्या दिवशी जेवणं उरकून कामाला लागलो, तेवढ्यात जळका वास आला. आजूबाजूला मिलच मिल, वास रोजचेच. आमचे हात चालूच राहिले. मग पंखे थांबले आणि पुढच्या जिन्यातून धूर वर यायला लागला. मी उठले.

"खाली बस," विमलबाई म्हणाल्या. मी बसले.

त्यांनी खाली मॅनेजरला फोन लावला. खालच्या पॅकिंगच्या गोदामात थोडी वायर जळाली आहे, पोरं विझवतायत, बायांना खाली सोडू नका, चेंगराचेंगरी होईल, शिवाय आजचा माल आजच जायचाय, असं त्याचं म्हणणं. विमलबाईंनी ते आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. कुणीतरी पुटपुटलं, उठेल तिला उद्या येऊ नको म्हणतील. सगळ्यांची बोटं खड्यांवर आणि डोळे जिन्याकडे. एकीला खोकला सुटला, मग दुसरीला.

विमलबाई जिन्याच्या वळणापर्यंत जाऊन आल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेवढ्यात मॅनेजरचाच फोन आला, बायांना बसवूनच ठेवा म्हणून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आप ऊपर आके हमारे साथ बैठो. फिर हम भी बैठेंगे."

त्यांनी फोन ठेवला.

"उठा."

कुणीच उठलं नाही. त्यांच्या तोंडून हा शब्द आम्ही कधी ऐकलाच नव्हता.

"उठा गं बायांनो. पदर नाकाला लावा. पुढचीचा खांदा धरा, पळू नका."

पुढचा जिना धुराने भरला होता. मागच्या जिन्याच्या दारात साड्यांचे गठ्ठे छातीपर्यंत रचलेले. एका साडीवर दोऱ्याचं टोक राहिलं तरी जीव खाणाऱ्या विमलबाईंनी पहिला गठ्ठा स्वतः ओढून पाडला. "तुडवा," म्हणाल्या. आम्ही नव्याकोऱ्या साड्या तुडवत अंधारात उतरलो.

विमलबाई सगळ्यांत शेवटी आल्या. त्या रस्त्यावर पोचतायत तोच वरच्या काचा फुटल्या आणि आमच्या हॉलमधून ज्वाळा बाहेर आल्या. मॅनेजर समोरच्या फुटपाथवर उभा होता. त्याने आमच्याकडे पाहिलं नाही.

मग फोन सुरू झाले. कुणाचा नवरा, कुणाची मुलगी, कुणाची जाऊ. प्रत्येक बाई कानाला फोन लावून रडत होती, तीच तीच हकीकत सांगत होती. मीही घरी बोलले. विमलबाई एकट्याच भिंतीशी टेकून उभ्या होत्या; त्यांचा फोन वाजला नव्हता. गोडादऱ्याच्या वस्तीत त्या खोली करून राहायच्या एवढंच आम्हाला माहीत. खोलीत दुसरं कोण असतं, हे कधी विचारलं नव्हतं.

त्या माझ्याजवळ आल्या. "माझ्या फोनवर जरा रिंग दे. धुराने बिघडला का काय, बघते."

मी लावला. त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो थोडा वेळ वाजू दिला, मग माझ्याकडे पाठ करून कानाला लावला.

"हां," त्या म्हणाल्या. "हाय मी. सगळ्याजणी निघाल्या बाहेर. नाही, मला काही लागलं नाही."

मी चार हातांवर उभी होते. मी फोन कापला नाही, कानालाच धरला.

"बरं," मी म्हणाले. "पाणी पिऊन घे आता. सावकाश ये घरी."

"येते," विमलबाई म्हणाल्या.