दुप्पट करून पाहणारे जमील सर

जमील सरांनी एकदा शिपायाला मधल्या सुट्टीनंतरची घंटा दुप्पट वेळ वाजवायला लावली आणि स्वतः घड्याळ घेऊन गेटापाशी उभे राहिले. पोरं नेहमीसारखीच रमतगमत आली. सरांनी खिशातली वही काढून लिहिलं, 'घंटा : झिरो ऑर्डर.'

दिग्रसच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात ते केमिस्ट्री शिकवायचे, मी मराठी. रिॲक्शनची ऑर्डर म्हणजे काय, हे त्यांनी मला स्टाफरूममध्ये समजावलं होतं.

"सोपं आहे, मॅडम. एकच चीज दुप्पट करा, बाकी कशाले हात लावू नका. वेग तेवढाच राह्यला, तर झिरो ऑर्डर. दुप्पट झाला, तर फर्स्ट. चौपट झाला, तर सेकंड. अंदाज नाही करायचा. आकडे पाहाचे."

मग सारं कॉलेजच त्यांच्या वहीत शिरलं. प्रिन्सिपॉलना एकाऐवजी दोन अर्ज दिले, झिरो. वर्गात एकाऐवजी दोन विनोद सांगितले, गोंगाट चौपट, सेकंड. माझ्या रागावण्याचीही नोंद झाली होती. ऑर्डर कोणती, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

मागच्या पावसाळ्यात त्यांच्या पत्नीला, शकीलाभाभींना, लकवा मारला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. 'चाय' आणि 'बस', एवढे दोनच शब्द उरले. सरांनी लांब रजा टाकली. यवतमाळच्या डॉक्टरांनी चित्रांची कार्डं दिली होती. रोज अर्धा तास दाखवायची, नावं म्हणून घ्यायची.

दिवाळीनंतर मी भेटायला गेले. भाभी पलंगावर टेकून बसल्या होत्या. सर समोर स्टुलावर, हातात कुलपाचं चित्र.

"बोल शकीला, ताला. ता... ला."

भाभींनी पुष्कळ जोर लावला. "चाय," त्या म्हणाल्या, आणि स्वतःवरच चिडून त्यांनी कार्ड ढकलून दिलं. सरांनी ते उचलून सदऱ्याला पुसलं.

"चाय बी चालते. चल, चाय बोलू."

वही उशाशी उघडी होती. अर्धा तास : दोन शब्द. एक तास : दोन शब्द. दोन तास : दोन शब्द.

सर मला फाटकापर्यंत सोडायला आले. मला राहवलं नाही. "सर, मग रोज दोन-दोन तास कशाला?"

"मले समजते, मॅडम. आकडे मीच लिहिले." ते फाटकाची कडी हलवत राहिले. "तीस वर्षं घरी आलो की पेपर, जर्नल. ही ताट वाढून बोलत राहे, मी हो-हो करत राहो. काय बोले, एक गोष्ट याद नाही मले. आता समोर बसून तर राह्यलो."

फेब्रुवारीत भाभी गेल्या.

चाळिसाव्या दिवसाची फातेहा झाल्यावर सर रुजू झाले. शिकवणं पहिल्यासारखंच नेटकं. वही मात्र कधी दिसली नाही. एक दिवस कॉलेज सुटल्यावर मी निघाले, तर ते रिकाम्या स्टाफरूममध्ये बसलेले.

"घरी नाही जायचं, सर?"

"जातो. तुमची गडबड नसन, तर थोडं बसता? घरचं काहीबी सांगा. सासूबाईचं, पोरीचं, काहीबी."

मी पर्स टेबलावर ठेवली. म्हटलं, सकाळपासून आमच्या कुकरची शिट्टीच होत नाहीये.

सरांनी खुर्ची पुढे ओढली.

"मग?"